रोगाचा वारसा आणि समाजाचे दायित्व

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



अभ्यासवर्गात मला एरवी अंदाजपत्रकावर किंवा शेतमालाच्या भावावर बोलण्यास सांगितले जाते. या वेळी मी विषय स्वतःहून मागून घेतला आहे. मोठ्या आतड्याचा जो कर्करोग घराण्यात उतरतो, त्याच्या जनुकीय चाचणीचा हा विषय आहे. मी वैद्यकशास्त्राचा माणूस नव्हे. जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणकारांना विचारून समजून घेतलेले आहे. परंतु हा प्रश्न केवळ डॉक्टरांवर सोडून देण्याजोगा नाही, अशी माझी खात्री झाली आहे. ती कशी झाली, ते आधी सांगतो.

गिरणगावातील आमचा एक जुना सहकारी 1982 च्या संपानंतर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाने गेला. वय अवघे 44. त्याचा बाप कोकणात गावी ‘पोट जाऊन’ पन्नाशीच्या आतच वारला होता. आत्या गर्भाशयाच्या रोगाने गेली होती. त्या घराला कोणाचा तरी तळतळाट लागला आहे, असे गावात बोलले जाई. आम्ही पुरोगामी मंडळी तळतळाट मानणारी नव्हतो. गिरणीतली कापसाची धूळ, खानावळीतले अन्न आणि संपातली उपासमार यांनी आमचा गडी नेला, असे आम्ही शोकसभेत सांगितले. त्या गोष्टींनी माणसे मरतात हे खरेच आहे. पण या माणसाच्या बाबतीत गावाचे जितके चुकले होते, तितकेच आमचेही चुकले होते. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलीला वयाच्या 45 व्या वर्षी तोच रोग झाला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीची तपासणी झाली, त्यानंतर रक्ताची झाली, आणि एमएसएच-2 नावाच्या जनुकात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला दोष सापडला. तीन पिढ्यांचे कोडे एका कागदावर सुटले.

हा दोष म्हणजे काय, हे समजण्यास आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांना अडचण पडू नये. छापखान्यात मजकूर जुळला की मुद्रितशोधक तो तपासतो आणि चुका दुरुस्त करतो. शरीरातील पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल होते आणि त्या नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी काही जनुके प्रत्येक पेशीत असतात. एमएलएच-1, एमएसएच-2, एमएसएच-6 आणि पीएमएस-2 ही त्यांतील प्रमुख होत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. त्यांतील एक जन्मतःच बिघडलेली असली, आणि आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, तर त्या पेशीला मुद्रितशोधक उरत नाही. चुकांवर चुका साचत जातात आणि कर्करोग होतो. या अवस्थेला लिंच सिंड्रोम म्हणतात. मोठ्या आतड्याच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे 3 टक्के यातून उद्भवतात. ज्यांच्यात हा दोष आहे त्या सर्वांना कर्करोग होतोच असे नाही. कोणत्या जनुकात बिघाड आहे त्यावर धोका कमीअधिक ठरतो, आणि काही जनुकांच्या बाबतीत तो निम्म्याच्या आसपास जातो. स्त्रियांना गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही असतो. आमच्या सहकाऱ्याच्या आत्याचे मरण या हिशेबात बसते.

दुसरी अवस्था अधिक विरळ, पण अधिक कठोर आहे. एपीसी नावाच्या जनुकातील दोषामुळे तरुणपणीच आतड्यात शेकडो, कधी हजारो मांसांकुर उगवतात. वेळीच शस्त्रक्रिया न केल्यास चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. दोन्ही अवस्थांत दोष असलेल्या आईकडून किंवा बापाकडून तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही, थोरला-धाकटा असाही नाही. आम्ही अर्थशास्त्रज्ञ मालमत्तेच्या वारशाचा विचार करतो. तेथे कायदा, धर्म, पुरुषसत्ता आणि करबुडवेगिरी यांचे राज्य असते. रोगाच्या या वारशात निसर्गाने तसला पक्षपात ठेवलेला नाही. पक्षपात येतो तो पुढे, उपायांच्या वाटपात.

उपाय आहेत, ही या विषयातील मोठी गोष्ट आहे, आणि ते जनुके सापडण्याच्या फार पूर्वीपासून आहेत. 1895 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील रोगविकृतितज्ज्ञ वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले की, आपण तरुणपणीच कर्करोगाने मरणार, कारण आपल्या घरात बहुतेक सगळे असेच मरतात. ती पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती जमवून 1913 साली प्रसिद्ध केली. बरीच दशके तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. नंतर हेन्री लिंच या डॉक्टरांनी 1960 च्या दशकापासून अशी घराणी चिकाटीने नोंदवली आणि या घराण्याचाही माग पुन्हा काढला. 1993 साली एमएसएच-2 जनुक हाती आले, आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वंशजांतील नेमका दोष 2000 साली उघड झाला. एका कष्टकरी बाईने स्वतःच्या घराकडे पाहून जे ओळखले होते, ते सिद्ध करण्यास विज्ञानाला 105 वर्षे लागली.

मांसांकुरांच्या रोगाची हकीकत आपल्या दृष्टीने याहूनही बोधप्रद आहे. 1924 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात शल्यविशारद लॉकहार्ट-ममरी यांनी या रोगाच्या घराण्यांची नोंदवही सुरू केली. रोगविकृतितज्ज्ञ ड्यूक्स आणि त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेले बसी यांनी ती पुढे अनेक दशके चालवली. कोण आजारी आहे, त्याची भावंडे कोण, मुले कोण, ती कोठे राहतात, कोणाची तपासणी केव्हा करायची, हे सारे तिच्यात लिहिले जाई. एपीसी जनुकाचा शोध लागला 1991 साली, म्हणजे 67 वर्षांनी. तोपर्यंत ना जनुक ठाऊक होते, ना त्याची चाचणी होती. होती ती वही, वही सांभाळणारा माणूस आणि बोलावल्यावर तपासणारे रुग्णालय. एवढ्या साधनांनिशी नातेवाइकांना रोग बळावण्यापूर्वी गाठता येत होते.

आपल्याकडेही वंशावळींची हौस कमी नाही. घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जातात. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांतून अनेक पिढ्यांची नावे निघतात. पण त्यांत कोण कोणाचा मुलगा हे असते, कोण कशाने गेला हे सहसा नसते, आणि लेकींची शाखा तर बहुधा सासरी गेली की संपते. रोग मात्र लेकींच्या शाखेतूनही तितकाच वाहतो. ज्यांचे कुलवृत्तांत कोणी छापले नाहीत, ती गिरणी कामगारांची आणि शेतमजुरांची घरे पोटासाठी मुंबई, सुरत, पुणे अशी विखुरली. सेंट मार्क्सच्या नोंदवहीसारखी वही त्यांना अधिक हवी, कारण त्यांच्याजवळ दुसरी कोणतीच वही नाही.

नियमित तपासणीने खरोखर काय साधते? फिनलंडमध्ये लिंच सिंड्रोमच्या 22 कुटुंबांतील 252 जणांचा 15 वर्षे मागोवा घेण्यात आला. दर 3 वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासून घेणाऱ्या 133 जणांपैकी 8 जणांना कर्करोग झाला. तपासणी न करणाऱ्या 119 जणांपैकी 19 जणांना झाला. पहिल्या गटात या रोगाने कोणीही दगावले नाही, दुसऱ्या गटात 9 जण दगावले. हे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. आता तर 1 ते 2 वर्षांनी तपासणी करावी असा सल्ला दिला जातो. मांसांकुर दिसला की त्याच बैठकीत काढून टाकता येतो. याखेरीज ॲस्पिरिनचीही कथा आहे. लिंच सिंड्रोम असलेल्या 861 जणांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात निम्म्यांना रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना नुसतीच गोळी देण्यात आली. दीर्घकाळ मागोवा घेऊन 2020 साली जाहीर झालेले आकडे असे आहेत: ॲस्पिरिन घेणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग 9 टक्क्यांना झाला, इतरांत 13 टक्क्यांना. ही गोळी कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये, तिचेही धोके आहेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ॲस्पिरिनवर आज कोणाचेही पेटंट नाही. ज्या औषधात नफा नाही, त्याचा गाजावाजा करण्यास कोणताही विक्रेता दारोदार हिंडत नाही.

येथून माझ्या शास्त्राचा प्रांत सुरू होतो. खाजगी प्रयोगशाळा जनुकीय चाचणी एक वस्तू म्हणून विकतात. पैसे भरा, रक्त द्या, अहवाल घ्या, व्यवहार संपला. परंतु या चाचणीचा खरा लाभ केवळ रक्त देणाऱ्याला होत नाही. तो त्याच्या भावाला, मावशीला आणि अजून न विचारलेल्या चुलत भावाच्या मुलीलाही होतो. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात, आणि बाह्य लाभ असलेली सेवा बाजार नेहमीच गरजेपेक्षा कमी पुरवतो. गावी राहणाऱ्या चुलत भावाला पत्र लिहिण्याचे, त्याला समजावण्याचे, दर दोन वर्षांनी आठवण करण्याचे पैसे बाजारात कोणीही देत नाही. म्हणून ते काम होत नाही. चाचणी विकली जाते, आणि तिच्यामुळे जे जीव वाचावेत ते वाचत नाहीत. माझ्या मते ही चाचणी वस्तू नसून एका दीर्घ सेवेची पहिली पायरी आहे, आणि पुढच्या पायऱ्या नसतील तर ती केवळ भीतीची विक्री ठरते.

ज्ञानाच्या मालकीचाही प्रश्न येथेच येतो. स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाच्या दोन जनुकांवर अमेरिकेतील मिरियाड कंपनीने पेटंट मिळवले होते आणि चाचणीवर वर्षानुवर्षे मक्तेदारी गाजवली. निसर्गात आढळणारे जनुक केवळ वेगळे काढले म्हणून त्यावर पेटंट मिळू शकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली एकमताने दिला. मक्तेदारीचा एक भाग गेला. पण जनुकातील असंख्य बदलांपैकी कोणते घातक आणि कोणते निरुपद्रवी, याची माहिती हजारो कुटुंबांच्या नोंदींतूनच तयार होते. ती एका कंपनीच्या कपाटात राहिली, तर इतरांच्या अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा पडत राहतो. जगातील नोंदींत भारतीय कुटुंबे थोडी असल्यामुळे हा शेरा आपल्या वाट्याला अधिक येतो. लोकांच्या रक्तातून निर्माण झालेले ज्ञान लोकांच्याच मालकीचे राहिले पाहिजे.

आता इंग्लंडकडे पहा. 1948 साली तेथे ॲन्युरिन बेव्हन या समाजवादी मंत्र्याने सार्वजनिक आरोग्यसेवा उभी केली. आतड्याचा कर्करोग झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीची लिंच सिंड्रोमसाठी तपासणी व्हावी, अशी शिफारस तेथे 2017 साली झाली. 2023 पासून इंग्लंडमध्ये या दोषाच्या लोकांची दर 2 वर्षांची दुर्बीण-तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आणण्यात आली. तेथेही उणिवा आहेत, रांगा आहेत. पण चाचणीपासून आमंत्रणाच्या पत्रापर्यंतची साखळी एकाच सार्वजनिक हातात असू शकते, हे त्यावरून दिसते. अमेरिकेने 2008 साली कायदा करून आरोग्यविमा कंपन्यांना आणि मालकांना जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली, पण आयुर्विम्याला त्यातून मोकळे ठेवले. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका हृदयरोग्याच्या प्रकरणात, ‘जनुकीय विकार’ या सरसकट सबबीखाली आरोग्यविम्याचा दावा नाकारणे हे राज्यघटनेच्या 14 व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरवले. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयांनी एकेका रुग्णामागे धावण्यापेक्षा संसदेने एकदा कायदा करणे श्रेयस्कर नव्हे काय?

मित्रहो, तुमच्यापैकी काहींच्या मनात एक शंका असेल, आणि ती रास्त आहे. माणसाचे भवितव्य जन्माने ठरते, या विचाराशी आपण आयुष्यभर लढलो. जातिव्यवस्था त्याच पायावर उभी आहे. मग आनुवंशिकतेला मान्यता देऊन आपण शत्रूच्या गोटात जात नाही ना? इतिहास या शंकेला पुष्टी देतो. ज्या वॉर्थिन यांचा मी उल्लेख केला, तेच सुप्रजननाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. अमेरिकेत इंडियाना राज्याने 1907 साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. हिटलरच्या जर्मनीने 1933 साली तोच मार्ग धरून त्याची परिसीमा गाठली. आणि 1976 साली आपल्या देशात आकड्यांचे उद्दिष्ट घेऊन सरकार माणसांच्या शरीरावर चालून आले, हे येथील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझे उत्तर असे आहे. नकलेतील चूक ही गुणवत्ता नाही आणि पापही नाही. ती ब्राह्मणाच्या घरात होते आणि मातंगाच्याही. तिच्यावरून माणसाची बुद्धी, शील किंवा लायकी यांपैकी काहीही कळत नाही. कळते ते इतकेच की, याला विशिष्ट तपासणी वेळेवर मिळाली पाहिजे. आनुवंशिकतेचे ज्ञान माणसाला वगळण्यासाठी वापरले तर ते जातीचे हत्यार होते, आणि सेवा पोचवण्यासाठी वापरले तर समतेचे साधन होते. म्हणून ही चाचणी स्वेच्छेचीच असली पाहिजे. जाणून घेण्याइतकाच, न जाणण्याचाही हक्क आहे. नोंदवही गुप्त राहिली पाहिजे. उद्दिष्टाचा आकडा कोणत्याही परिचारिकेच्या माथी मारला जाऊ नये.

दुसरी शंका पैशाची. ज्या देशात क्षयाने माणसे मरतात आणि मुले कुपोषित राहतात, तेथे जनुकांची चैन कशाला? क्षयाच्या औषधाचा पैसा काढून येथे द्या, असे मी कधीही म्हणणार नाही. पण हे काम वाटते तितके खर्चाचे नाही. सर्वांची जनुके तपासायची नाहीत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीवर चार प्रथिनांची तपासणी करायची, जी चांगल्या रोगविकृति प्रयोगशाळेत होऊ शकते. संशय आला त्यांचेच रक्त पुढे पाठवायचे. घराण्यातील दोष एकदा कळला की नातेवाइकांत केवळ तेवढी एक जागा पहायची, आणि हे काम पूर्ण शोधापेक्षा पुष्कळ स्वस्त असते. शिवाय दोष असलेल्याच्या भावंडांपैकी आणि मुलांपैकी सरासरी निम्मे निर्दोष निघतात. त्यांची आयुष्यभराची खास तपासणी आणि धास्ती दोन्ही वाचतात. मुंबईत टाटा स्मारक केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेचे स्वतंत्र चिकित्सालय आहे. म्हणजे ज्ञान आपल्या दारात आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही मूलतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची योजना आहे. अद्याप निरोगी असलेला भाऊ तिच्या चौकटीबाहेर राहतो. रोग बळावल्यावर शस्त्रक्रियेचे पैसे देणारे सरकार, तो टाळण्याचे पैसे का देत नाही, हा आपला प्रश्न असला पाहिजे. ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे भोर समितीने 1946 सालीच सांगून ठेवले आहे.

यास्तव आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक गाठीची ही प्राथमिक तपासणी व्हावी. दोष सापडलेल्या घरातील रक्ताच्या नातेवाइकांना सल्ला आणि चाचणी मोफत मिळावी. दोष असलेल्यास आयुष्यभर दुर्बीण-तपासणी मोफत मिळावी, आणि तिच्यासोबत प्रवासखर्च व बुडालेली मजुरीही मिळावी. राज्याची एक नोंदवही असावी आणि ती सांभाळणारा कायम नोकरीतला माणूस असावा. विमा, नोकरी आणि शिक्षण यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई व्हावी.

बुडालेल्या मजुरीवर मी एवढा भर का देतो, ते सांगून थांबतो. आमच्या सहकाऱ्याच्या मुलीने बरी झाल्यावर डॉक्टरांनी दिलेले पत्र घेऊन नातेवाइकांची घरे पालथी घातली. एका चुलत्याने दार लावून घेतले. घरात लग्नाची मुलगी आहे, हा विषय पुन्हा काढू नकोस, असे तिला सांगितले. दोन पुतणे मात्र चाचणीला आले. थोरला निर्दोष निघाला. धाकट्यात दोष होता. तो रिक्षा चालवतो. पहिल्या तपासणीत त्याच्या आतड्यातून एक मांसांकुर काढण्यात आला, आणि पुढच्या वर्षी परत ये असे सांगण्यात आले. तो गेला नाही. आदल्या दिवशीचे जुलाबाचे औषध, दुसऱ्या दिवशीची तपासणी, मुंबईला जाणे-येणे, म्हणजे तीन दिवसांची कमाई गेली आणि रिक्षाचा हप्ता थांबला. तो अडाणी नाही, भित्राही नाही. त्याला सारे समजले आहे. अहवाल त्याच्या घरी ट्रंकेत आहे.

गेल्या महिन्यात मी त्याला भेटलो. मी त्याला पैसे देऊ केले, त्याने ते घेतले नाहीत. “काका, या वर्षी तुम्ही द्याल, दरसाल कोण देणार?” असे तो म्हणाला. त्याचा प्रश्न व्यक्तीला विचारलेला नाही, समाजाला विचारलेला आहे. येथून गेल्यावर आपापल्या तालुक्यात, ज्या घरात दोन पिढ्यांत पन्नाशीच्या आत आतड्याचे किंवा गर्भाशयाचे मरण झाले आहे, ते घर शोधा. तळतळाटाची भाषा करणाऱ्यांना हसू नका. त्यांनी निदान घराकडे पाहिले आहे. त्यांच्याजवळ बसा, लेकींच्या शाखेसह वंशावळ लिहून घ्या, आणि त्यांची संमती असेल तर ती घेऊन जिल्हा रुग्णालयाचे दार ठोठवा. ते दार उघडेपर्यंत तेथून हलू नका. त्या पुतण्याची तपासणी या वर्षी तरी झाली पाहिजे.